वाचक विचारतात : कृत्रिम पाऊल आणि चालतानाचा दम

या वेळी गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्या वाचकांची पत्रं घेतली आहेत. पत्रांत ‘जयपूर फूट’ हा शब्द कधी अख्ख्या कृत्रिम पायासाठी येतो, कधी फक्त खालच्या भागासाठी. घोळ नको म्हणून उत्तरांत उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट, मधली दांडी ती नळी आणि घोट्याखालचा भाग ते पाऊल, असे शब्द वापरले आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. सॅच पाऊल (बांधलेल्या घोट्याचं, टाचेत फोम असलेलं साधं पाऊल) वापरतो. तब्येत चांगली आहे, तरी बसथांब्यापर्यंतच्या दहा मिनिटांत धाप लागते. कार्बनचं पाऊल लावलं की श्रम निम्मे होतील, असं दुकानदार म्हणतो. दीड लाख घालावेत का? (नाशिक, वय ३४)

उत्तर : श्रम निम्मे होणार नाहीत. सपाट रस्त्यावर, नेहमीच्या चालीत, सॅच आणि कार्बन यांच्यात प्राणवायूच्या खर्चाचा फरक मोजला तर तो थोड्या टक्क्यांचाच निघतो, आणि कित्येक चाचण्यांत तेवढाही निघत नाही. वेग वाढला किंवा चढ लागला की फरक दिसू लागतो. तरीही दोन्ही वापरून पाहिलेले बहुतेक लोक कार्बनच पसंत करतात. असं का, हे समजून घेतलंत तर तुमचा निर्णय सोपा होईल.

शाबूत पायात चालण्याचं मोठं काम पोटरी करते. मागचा पाय जमिनीवरून उचलण्याच्या बेतात असतो आणि पुढची टाच टेकायला क्षणभर अवकाश असतो, नेमक्या त्या वेळी पोटरी घोट्यातून जमिनीला रेटा देते. शरीराचा भार त्या क्षणी खाली आणि पुढे चाललेला असतो. मागून मिळालेला हा रेटा त्याला वर वळवतो आणि पुढच्या पायावरचा आदळ कमी होतो. रेटा मिळाला नाही, तर भार पुढच्या पायावर आपटतो, तिथे ऊर्जा वाया जाते आणि ती भरून काढायला खुब्याच्या आणि मांडीच्या स्नायूंना जास्त राबावं लागतं. तुमचा दम लागतो तो इथे.

सॅच पाऊल १९५० च्या दशकात अमेरिकेत बर्कले इथे तयार झालं. आत लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा कडक कणा, टाचेत मऊ फोमची पाचर, घोटा पूर्ण बांधलेला. टाच दबते, पण दबताना घेतलेली ऊर्जा फोममध्येच जिरते. व्हॅन फिलिप्स यांनी १९८० च्या दशकात आणलेल्या कार्बनच्या पात्याने यात बदल केला. चवड्यावर भार आला की पातं वाकतं आणि उचलताना सरळ होत रेटा देतं. पण ही स्प्रिंग आहे, इंजिन नव्हे. तुम्ही जेवढं दाबाल त्यातलंच थोडं कमी करून ती परत देईल. पोटरी स्वतःहून जी भर घालत होती, ती कुठल्याच पात्याला घालता येत नाही.

पुनर्वसनाच्या पाठ्यपुस्तकांत एक ढोबळ हिशेब देतात. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्याला दर मीटर चालण्यामागे साधारण २५ टक्के जास्त ऊर्जा लागते. रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे पाय गेला असेल, तर सुमारे ४० टक्के. शरीर यावर आपणहून तोड काढतं : माणूस हळू चालतो, म्हणजे दर मिनिटाचा खर्च पूर्वीइतकाच राहतो. तुम्ही बहुधा बस गाठायला जुन्या वेगाने निघता आणि दम लागतो. दुसरीकडे, चांगला व्यायाम झालेल्या तरुण सैनिकांच्या चाचण्यांत धडधाकट माणसाच्या तुलनेत हा जादा खर्च जवळजवळ दिसलाच नाही. त्यांचे खुबे आणि मांड्या भक्कम होत्या.

म्हणून दीड लाख काढण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, सॉकेट. दोन वर्षांत उरलेला पाय आकसतो. उरलेल्या पायावर तुम्ही किती प्लायचे मोजे घालता ते मोजा (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप). सकाळी ३ प्लाय आणि संध्याकाळी ५ असेल, तर ठीक. १० ते १५ प्लाय घालूनही सॉकेट ढिलं वाटत असेल, तर तुम्हाला नवं सॉकेट हवं आहे. ढिल्या सॉकेटमध्ये हाड प्रत्येक पावलाला वरखाली सरकतं आणि स्प्रिंगने दिलेला रेटा त्या सरकण्यातच संपतो. मोजे कमी पडल्याची खूण : सॉकेट काढल्यावर गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेवर आणि उरलेल्या पायाच्या टोकाला लाली. मोजे जास्त झाल्याची खूण : पाय पुरता आत जात नाही आणि कृत्रिम बाजू लांब वाटते.

दुसरी, जुळणी, म्हणजे सॉकेटच्या संदर्भात पावलाची जागा आणि कोन. तिसरी, सॅचची टाच. वर्ष-दोन वर्षांत तिचा फोम बसतो. अंगठ्याने जोरात दाबून पाहा. दाबलेली टाच लगेच वर येत नसेल किंवा दगडासारखी लागत असेल, तर पाऊल संपलं आहे, आणि नवं सॅच बसवलं तरी चाल सुधारेल.

हे सगळं नीट असूनही तुम्हाला भरभर चालायचं असेल, रोज पूल चढायचा असेल, दिवसाकाठी काही किलोमीटर होत असतील, तर कार्बन जरूर घ्या. मात्र त्याच सॉकेटवर दोन आठवडे वापरून बघायची अट घाला. नळीची जोडणी मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग बदलता येणारी असेल, तर पाऊल बदलणं हे पिरॅमिडच्या (नळी आणि पाऊल जोडणाऱ्या धातूच्या सांध्याच्या) चार स्क्रूंचं आणि पुन्हा जुळणी करण्याचं काम आहे. ट्रायल द्यायला नकार देणाऱ्याकडून एवढी महाग वस्तू घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. किंमतही एकच नसते. हैदराबादजवळच्या बीबीनगर एम्सने डीआरडीओच्या प्रयोगशाळेबरोबर बनवलेलं भारतीय कार्बन पाऊल जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं. १२५ किलो भारापर्यंत त्याची चाचणी झाली आहे आणि उत्पादनखर्च २०,००० रुपयांच्या आत सांगितला आहे. ते तुमच्या केंद्रात मिळतं का, हे विचारून मगच आयात पावलाकडे वळा.

प्रश्न : आईचा उजवा पाय मधुमेहामुळे गेला. बाहेर बूट घालून ती बरी चालते. घरात मात्र अनवाणी चालताना गुडघा मागे ढकलला जातो आणि सारखं चढावर चालल्यासारखं वाटतं, असं म्हणते. घरात बूट घालायला ती तयार नाही. (सोलापूर)

उत्तर : आईंचं वर्णन अगदी अचूक आहे. दोष त्यांच्या चालण्यात नाही, टाचेच्या उंचीत आहे.

बहुतेक तयार पावलं साधारण १० मिलिमीटर टाच असलेल्या बुटासाठी बनवलेली असतात. बुटात नळी सरळ उभी राहील, अशी जुळणी केलेली असते. बूट काढला की टाच १० मिलिमीटर खाली येते. टाच ते चवडा हे अंतर १७-१८ सेंटिमीटर धरलं, तर नळी सुमारे ३ अंशांनी मागे कलते. ३ अंश कमी वाटतात, पण जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ४५ ते ५० सेंटिमीटर उंची असते, म्हणजे गुडघा जवळजवळ अडीच सेंटिमीटर मागे जातो. आता चवड्यावरून पुढे जायला प्रत्येक पावलाला तेवढा जादा चढ चढावा लागतो. शाबूत घोटा आपोआप वाकून हे सांभाळून घेतो. बांधलेल्या घोट्याला ते जमत नाही.

बुटाची किंवा चपलेची टाच मोजताना एक चूक हमखास होते. नुसती टाचेखालची जाडी मोजू नका. टाचेखालच्या जाडीतून चवड्याखालची जाडी वजा करा. टाचेखाली २५ आणि चवड्याखाली १५ मिलिमीटर असेल, तर फरक १०. जाड तळाची सपाट चप्पल दोन्हीकडे २० असेल, तर फरक शून्य, म्हणजे आईंसाठी ती अनवाणीसारखीच.

उपाय सोपा आहे. फक्त घरात वापरायची, मागे पट्टा असलेली हलकी सँडल घ्या. पट्टा हवाच, कारण कृत्रिम बोटं चप्पल धरून ठेवू शकत नाहीत. बुटात जो फरक निघाला तोच सँडलमध्ये असू द्या. कमी पडत असेल, तर चांभाराकडून टाचेखाली ईव्हीएची (चपलेच्या तळाच्या फोमची) पाचर चिकटवून घ्या, मागे १० मिलिमीटर आणि पुढे शून्यावर येणारी. दुसऱ्या पायातही त्याच जोडीची सँडल घाला, नाहीतर दोन्ही बाजूंची उंची बदलेल. घरात पादत्राण नको, या त्यांच्या भावनेचा मान राखायचा तर ही जोडी घराबाहेर कधीच न वापरता स्वच्छ ठेवता येते. मधुमेहात शाबूत पाऊलही झाकलेलं राहणं फार गरजेचं आहे, म्हणून ही सवय दोन्ही पायांसाठी लावा.

तेही पटलं नाही, तर बटण दाबून टाचेची उंची बदलता येणारे घोटे मिळतात. वयस्क माणसाने बूट काढल्यावर बटणाची आठवण ठेवायची, हे मात्र धोक्याचं. विसरल्या, तर पडतील. पिरॅमिडचे स्क्रू घरच्या घरी फिरवून तर मुळीच पाहू नका.

जयपूर पाऊल वापरणाऱ्यांची अडचण नेमकी उलट असते. ते अनवाणी चालण्यासाठी जुळवलेलं असतं. त्यावर टाचेचा बूट चढवला की गुडघा पुढे ढकलला जातो आणि उतारावरून घसरल्यासारखं वाटतं.

प्रश्न : भाताची शेती आहे. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभं राहावं लागतं. जयपूर घ्यावं की कार्बन? (संगमेश्वर तालुका)

उत्तर : खाचरासाठी जयपूर. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी ते घडवलं, तेच मुळी अनवाणी, चिखलात चालणाऱ्या आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी. बाहेर व्हल्कनाइझ केलेलं रबर, आत टाचेत आणि चवड्यात स्पंजी रबराचे ठोकळे, घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा सलग कणा नाही, म्हणून ते सगळ्या बाजूंना वाकतं. बांधावर तिरकं पाऊल पडलं तरी सावरतं. उकिडवं बसता येतं.

कणा नसण्याची किंमत सपाट रस्त्यावर मोजावी लागते. चवडा लवकर वाकतो आणि रेटा मिळत नाही. शिवाय भरीव रबरामुळे ते जड असतं. तालुक्याला चालत जायचं, तर कार्बन सुखाचं.

एकाच सॉकेटवर दोन पावलं आलटून-पालटून लावता येतील का, हा पुढचा प्रश्न आम्हाला दिसतोच. एचडीपीई (कडक प्लॅस्टिक) पाइपच्या पायात पाऊल लाकडी ठोकळ्यात स्क्रू मारून कायमचं बसवतात. तिथे अदलाबदल होत नाही आणि नंतर कोनही हलवता येत नाही. म्हणून बसवतानाच दहा-पंधरा मिनिटं चालून, बसून, उठून खात्री करून घ्या, शिबिरातली घाई मनावर घेऊ नका. चिखलातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. रबराला चीर पडली, तर लगेच दाखवा. पाणी लाकडापर्यंत पोचलं की स्क्रूची पकड जाते. कोकणात लाकडी कण्याचं सॅच चिखलात नेऊ नका, ते आतून कुजतं आणि बाहेरून कळत नाही.

प्रश्न : नवं पाऊल खरंच बरं आहे की पैसे दिलेत म्हणून बरं वाटतंय, हे कसं ओळखावं? (पुणे)

उत्तर : फार चांगला प्रश्न. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून प्राणवायू मोजतात. घरी नाडी आणि मीटरपट्टी पुरते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या व्हरांड्यात ३० मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. खुर्चीवर ५ मिनिटं शांत बसा आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरवर नाडी लिहा. मग ६ मिनिटं आपल्या सोयीच्या चालीने ये-जा करा. शर्यत लावायची नाही. थांबताक्षणी नाडी आणि एकूण अंतर लिहा. चालल्यानंतरच्या नाडीतून बसलेली नाडी वजा करून तिला दर मिनिटाच्या मीटरने भागा.

उदाहरण : बसलेली नाडी ७८, नंतरची ११४, फरक ३६. अंतर २७६ मीटर, म्हणजे मिनिटाला ४६. ३६ भागिले ४६ म्हणजे ०.७८ ठोके दर मीटर. निरोगी तरुण माणसात हा आकडा साधारण ०.३ ते ०.४ असतो. नव्या पावलावर नाडी ११२ आणि अंतर ३०० मीटर आलं, तर ३४ भागिले ५० म्हणजे ०.६८. सुधारणा झाली.

पण एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. नाडी झोपेने, चहाने, उकाड्याने बदलते. जुन्या पावलावर तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि मधला आकडा धरा. नव्यावर पहिल्या आठवड्यात मोजूच नका. शरीराला नव्या पात्यावर भरवसा ठेवायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर माणूस त्यावर पुरता भार टाकत नाही. बूट तेच, मोज्यांचे प्लाय तेवढेच, वेळ तीच, जेवणानंतर निदान दोन तासांनी. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल, तर हा हिशेब फसतो. तेव्हा फक्त अंतर लिहा आणि दम ० ते १० मध्ये किती लागला ते लिहा. हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : चांगल्या पायाचाच गुडघा दुखायला लागला आहे. (ठाणे, वय ५२)

उत्तर : याकडे दुर्लक्ष करू नका. दमापेक्षाही याची काळजी आम्हाला जास्त वाटते, कारण गेलेली कूर्चा परत येत नाही.

कृत्रिम पावलाचा चवडा आखूड किंवा फार मऊ असेल, तर भार पुढे सरकताना आधार लवकर संपतो. माणूस खड्ड्यात उतरल्यासारखा चांगल्या पायावर पडतो. दिवसातून काही हजार वेळा तो गुडघा हा आदळ झेलतो. चवड्याने शेवटपर्यंत आधार दिला आणि थोडा रेटाही दिला, तर हा आदळ कमी होतो, असं मोजून दिसलं आहे. कार्बन पात्याच्या बाजूने आमच्या मते हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे, प्राणवायूच्या खर्चात फरक पडो न पडो.

आधी दोन्ही पावलांची लांबी मोजा. साठ्यात होतं ते बसवलं, असं बऱ्याचदा घडतं. शाबूत पाऊल २६ सेंटिमीटर आणि कृत्रिम २४, तर तुमचा चवडा २ सेंटिमीटर लवकर संपतो. मग कुणाला तरी बाजूने मोबाइलवर चाल टिपायला सांगा. चांगल्या पायाचं पाऊल लगबगीने, आखूड पडतंय का ते बघा. प्रोस्थेटिस्टकडे (कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे) जाताना हा व्हिडिओ आणि घासलेला जुना बूट, दोन्ही न्या. खुब्याचा व्यायाम सुरू करा : पाठीवर झोपून, उरलेल्या पायाच्या मांडीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मांडी त्यावर दाबत कंबर उचलायची, ५ सेकंद धरायची, १० वेळा, दिवसातून तीनदा.

प्रश्न : हलकं पाऊल म्हणजे कमी दम, बरोबर ना? (कोल्हापूर)

उत्तर : अर्धंच बरोबर. ६० किलोच्या माणसाची गुडघ्याखालची नडगी आणि पाऊल मिळून साधारण साडेतीन किलो भरतात. कृत्रिम पाय बहुधा दीड ते दोन किलोंचा. तरी तो जड वाटतो, कारण तो स्नायूंनी धरलेला नसून बाहेरून लटकलेला असतो. पकड सुधारली की तोच पाय हलका वाटू लागतो. वजन कुठे आहे हे मात्र महत्त्वाचं. लंबकाच्या टोकाला बांधलेले २०० ग्रॅम गुडघ्याजवळच्या २०० ग्रॅमपेक्षा महाग पडतात. तेव्हा पावलात १०० ग्रॅम वाचवायला हजारो रुपये घालण्याआधी बूट तराजूवर ठेवून पाहा.

प्रश्न : मोटर असलेला घोटा घेतला तर पोटरीची उणीव भरून निघेल का? (दुबई)

उत्तर : यंत्र रेटा देतं, हे खरं. अमेरिकेतल्या एमआयटीचे ह्यू हेर यांचे स्वतःचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले आहेत. त्यांच्या गटाने बनवलेल्या घोट्यावर चालणाऱ्यांचा ऊर्जाखर्च धडधाकट माणसांच्या जवळ आल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत निकाल संमिश्र आले. घोट्याचा रेटा वाढवत नेला, तरी काहींचा खर्च उतरलाच नाही. रेटा योग्य क्षणी मिळाला पाहिजे आणि सॉकेटमधून तो हाडापर्यंत पोचला पाहिजे. शिवाय वजन साधारण दोन किलो, तेही टोकाला, आणि बॅटरी रोज भरायची. तिथे ट्रायल मिळत असेल, तर वर दिलेली सहा मिनिटांची चाचणी घेऊन ठरवा.

प्रश्न : तीन वर्षांच्या कार्बन पावलातून टकटक आवाज येतो. मधल्या काळात वजन ६८ वरून ७७ किलो झालं आहे. (अमरावती)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्याचा कडकपणा वजनाच्या तक्त्यावरून निवडतात आणि बहुतेक तक्त्यांत दर ७ ते १२ किलोंना पायरी बदलते. ९ किलोंत तुम्ही बहुधा पुढच्या पायरीवर गेला आहात. पातं आता तुमच्यासाठी मऊ आहे, ते गरजेपेक्षा जास्त वाकतं आणि लवकर थकतं. पोती किंवा सिलिंडर उचलत असाल, तर तेही वजन सांगा.

आवाजासाठी आधी रबरी कव्हर काढायला लावा. आत वाळू असेल, तर धुऊन पुसून घ्या. पातं आणि कव्हर यांच्यामधला पातळ मोजा फाटला असेल, तर तो बदला, निम्मे आवाज तिथेच थांबतात. मग पात्याच्या कडा नखाने चाचपा. थर सुटलेले लागले किंवा पांढरी रेघ दिसली, तर त्याच दिवशी वापर थांबवा. कार्बन वाकून सूचना देत नाही, मोडतो. पातं ठीक असेल, तर पिरॅमिडचे चारही स्क्रू उत्पादकाने दिलेल्या जोराने, बहुतेक वेळा १५ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आणि लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून आवळून घ्या. साध्या ॲलन कीने अंदाजाने आवळलेले स्क्रू महिन्याभरात पुन्हा सैल होतात.